तहानलेल्या मुलखांतील तहानलेली गाडी

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर, हिमालयाचीं शिखरें, निदान माथेरान-महाबळेश्वरची थंड हवा तरी उभी राहते. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत आज सांगणार आहों तो यांपैकीं कोठलाच नव्हे. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या दोन शेजारच्या तालुक्यांतून, भर वैशाखांत, पाणी वाहणाऱ्या एका जुन्या ट्रकमध्यें चालकाच्या शेजारीं बसून आम्हीं पांच दिवसांत जी फेरी केली तिची ही साधी कथा आहे. "या वयांत ट्रकमधून?" असा प्रश्न घरांत सर्वांनीं एकमुखानें विचारला होता. परत आल्यावर आम्ही जें पाहिलें तें सांगूं लागलों, तेव्हां त्याच मंडळींनीं "हें लिहून काढा" असा आग्रह धरला. म्हणून हा लेख.

शहापूर आम्हांस नवें नाहीं. तेथील शाळेंत आमचीं नोकरीचीं कित्येक वर्षें गेलीं. मध्य रेल्वेच्या आसनगांव स्टेशनावर उतरलें कीं प्रथम दृष्टीस पडतो तो माहुलीचा डोंगर. २,८०० फुटांहून थोडा अधिक उंच असा हा गड, सुळक्यांची रांग माथ्यावर धरून, तालुक्यावर पहारा करीत असल्यासारखा दिसतो. निजामशाहीच्या शेवटच्या दिवसांत शहाजीराजे याच गडाच्या आश्रयास आले होते व १६३६ सालीं येथेंच त्यांस मोंगल आणि आदिलशाही फौजांपुढें शस्त्र खालीं ठेवावें लागलें. पुढें शिवाजीमहाराजांनीं हा गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत दिला, आणि १६७० मध्यें पुनः घेतला. वर्गांत हा इतिहास शिकवितांना आम्ही खिडकीकडे बोट करीत असूं. नकाशाची गरजच पडत नसे.

परंतु शहापूरची आजची खरी ओळख गडांची नसून धरणांची आहे. मुंबईकर ज्या पाण्यानें सकाळीं तोंड धुतो, त्याचा मोठा भाग या तालुक्यांतून व त्याच्या सीमेवरून जातो. तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ सालचा. मुंबई महापालिकेचे नामांकित मराठी अभियंते मोडक यांचें नांव त्यास दिलेलें आहे. मध्य वैतरणा २०१४ मध्यें पूर्ण झालें. आणि भातसा तर एकट्यानें मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागवितो. त्याचें पाणी नदींत सोडतात, पिसें येथें उचलतात, पांजरापूर येथें शुद्ध करितात आणि मग तें शहराकडे निघतें. आमचें सध्यांचें वास्तव्य मुलुंडास मुलाजवळ असल्यामुळें, ज्या तालुक्यांत आम्हीं नोकरी केली त्याचेंच पाणी आम्ही म्हातारपणींही पीत आहों, हें निराळें सांगावयास नको.

आतां याच तालुक्याची दुसरी बाजू. शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. पण खालीं काळा कातळ, वर उतार. पाणी पडतें तसें वाहून जातें. होळी सरली कीं विहिरींचा तळ दिसूं लागतो, आणि चैत्र-वैशाखांत डोंगरपायथ्याच्या पाड्यांना, म्हणजे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वस्त्यांना, टँकरची वाट पाहावी लागते. धरणाचें पाणी डोळ्यांनीं दिसतें. हंड्यांत येत नाहीं. हा विरोधाभास आम्हीं नोकरींत असतांनाही पाहिला होता, परंतु शाळेच्या ओटीवरून पाहणें आणि पाण्याच्या गाडींत बसून पाहणें यांत अंतर आहे.

त्या गाडीचा मालक व चालक आमचा एक जुना विद्यार्थी. संस्कृतांत त्यास कधीं गति नव्हती. परंतु वर्गाचें बिघडलेलें घड्याळ त्यानें दोनदां चालू करून दिलें होतें, ही आठवण आम्हांस पक्की. पतपेढीचें कर्ज काढून त्यानें वीस-बावीस वर्षें वयाचा, सहा सिलिंडरांचा टाटा ट्रक विकत घेतला, त्यावर दहा हजार लिटरांची टाकी बसविली, आणि उन्हाळ्यांत टंचाईच्या कामावर तो पाणी पोहोंचवितो. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन. सपाट रस्त्यावर ही गाडी अजून तरुणासारखी धांवते. पण गेल्या वर्षापासून चढावर ती दम टाकूं लागली होती. "गुरुजी, एकदां येऊन बघा, पोरांना शिकवलंत त्या गांवांची काय दशा आहे ती," असें त्यानें फोनवर सांगितलें, आणि आम्ही निघालों.

पहिल्याच दिवशीं प्रसंग ओढवला. डोळखांबच्या पुढें, आजा पर्वताच्या बाजूस, एका पाड्याकडे आम्ही दुपारीं निघालों. या पर्वतास लोक आजोबाचा डोंगर म्हणतात. वाल्मीकि ऋषींचा आश्रम येथें होता, सीतामाई येथें राहिली, आणि लव-कुश वाल्मीकींना 'आजोबा' म्हणून हाक मारीत म्हणून डोंगरास तें नांव पडलें, अशी तिकडची श्रद्धा आहे. बहाव्याचे पिवळे घोस आणि करवंदीच्या जाळ्या पाहत आम्ही रामायणांत गढून गेलों होतों, तोंच शेवटच्या चढावर गाडीचा सूर बदलला. भरल्या घशानें बोलणाऱ्या माणसाचा आवाज जसा मधेंच तुटतो, तसें इंजिन तुटूं लागलें. दोन आंचके दिले आणि गप्प झालें. चालकानें ब्रेक दाबून धरला, बरोबरच्या पोऱ्यानें उडी टाकून चाकांमागें दगड लावले. मागें दहा टन पाणी आणि त्याच्याही मागें उतार. आम्हीं कोणत्या स्तोत्राचा पाठ केला हें येथें सांगत नाहीं.

गाडी वर जात नाहीं असें दिसल्यावर चालकाच्या मनांत आलें कीं निम्में पाणी सोडून द्यावें. ओझें हलकें झालें म्हणजे कदाचित् चढेल. त्यानें चावीला हात घातला मात्र, वरून बायकांची हांक आली, "सांडूं नको रे, आम्ही येतों!" आणि खरोखरच त्या हंडे, कळश्या, तेलाचे रिकामे डबे, जें हातीं लागलें तें घेऊन उतार उतरून आल्या. एकीनें चावी धरली, बाकीच्यांनीं रांग धरली. थेंब वायां गेला नाहीं. जें पाणी त्यांच्या उंबरठ्याशीं पोहोंचावयाचें तें त्यांनीं अर्धा मैल चढ चढून, भर उन्हांत, डोकीवरून नेलें. एकेकीनें चार-चार खेपा केल्या. आम्ही एका आंब्याखालीं उभे होतों. आमच्याहून वडील दिसणाऱ्या एका आजीबाईंनीं हंडा डोक्यावर घेतां घेतां विचारलें, "मास्तर, तुमच्या गाडीला बी तहान लागली काय?" या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हतें.

पाणी उतरल्यावर चालकानें इंजिनाच्या कुशींतला लहानसा हातपंप चालविला, फिल्टरवरचा पेंच सैल केला, तेव्हां तेथून डिझेलबरोबर फेंसाळ बुडबुडे आले. "हवा घेतली," तो म्हणाला. बुडबुडे संपून नितळ धार आल्यावर पेंच आवळला आणि इंजिन सुरू झालें. गाडी उलट्या पावलीं उतरली. त्या रात्रीं त्याच्या घरीं जेवतांना त्याच्या बोलण्यांत नेहमींचा उत्साह नव्हता. काम बंद राहिलें तर हप्ता चुकणार. आणि पाड्यावर दुसरी गाडी दोन फेऱ्यांच्या जागीं एकच करणार. दोन्ही गोष्टी तो एकाच श्वासांत बोलला, म्हणून आम्हांस त्या मुलाविषयीं अधिकच बरें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं रिकामी गाडी घेऊन आम्ही मुरबाडकडे निघालों. शहापुराहून सापगांव, किन्हवली, सरळगांव असा हा रस्ता जातो. दोन्ही तालुक्यांची प्रकृति एकच. परंतु शहापुरास आग्रा रोड आणि रेल्वे या दोहोंचा सहवास लाभला, मुरबाडास रेल्वे आजही पोहोंचलेली नाहीं. शहापूर तालुक्यांतून जाणारा थळघाटाचा लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला; त्याची चढण ३७ फुटांस एक फूट इतकी असल्यामुळें कसाऱ्याहून वर जाणाऱ्या गाड्यांस मागून आणखी इंजिनें लावावीं लागतात. मुरबाडचा सर्व व्यवहार मात्र पूर्वीं बैलांवर आणि आतां ट्रकांवर. पौषी पौर्णिमेस भरणारी म्हशाची जत्रा ही गुरांच्या बाजारासाठीं दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. बैलाचे दांत पाहून त्याचें वय सांगणारीं माणसें ज्या मुलखांत आहेत, तेथें इंजिनाचा श्वास ऐकून त्याचा रोग सांगणारा मिस्त्री निपजावा यांत नवल नाहीं.

असा एक वृद्ध मिस्त्री मुरबाडजवळ रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखालीं दुकान मांडून बसतो. त्यानें प्रथम गाडीला हातच लावला नाहीं. चालकास पंधरा प्रश्न विचारले. चढावरच बंद पडते कीं सपाटीवरही? टाकी भरलेली असतांना कीं रिकामी होत आल्यावर? धूर काळा येतो कीं पांढरा? मग त्यानें एक साधा प्रयोग केला. गाडीच्या टाकीकडून येणारी नळी सोडविली, स्वच्छ डिझेलाचा एक डबा इंजिनाशेजारीं टांगून त्याची नळी पंपाला जोडली, आणि गाडी जवळच्या चढावर नेण्यास सांगितलें. गाडी पुष्कळ बरी चढली. डबा काढून पुनः टाकी जोडली, तेव्हां पुनः अडखळली. न्यायशास्त्रांत ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो याहून निराळा काय? कारण असेल तेथें कार्य, नसेल तेथें नाहीं. हें तत्त्व आम्हीं कित्येक वर्षें फळ्यावर खडूनें शिकविलें; या गृहस्थानें तें एका डब्यानें शिकविलें.

येथें वाचकांस, विशेषतः आमच्या भगिनीवर्गास, या यंत्राची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं ती स्वतःच अत्यंत तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत इंधनाचा फवारा सोडला कीं तें पेट घेतें. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ मध्यें असें इंजिन यशस्वी करून दाखविलें. परंतु तें मोटारींत बसण्याजोगें झालें तें फवारा सोडणाऱ्या पंपामुळें. बॉश यांच्या कारखान्यांत असे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येनें होऊं लागले. आपल्याकडे बंगळूरचा मायको कारखाना १९५१ चा, आणि जमशेदपुरास टाटांनीं डेम्लर-बेंझच्या सहकार्यानें ट्रक बांधण्यास १९५४ मध्यें प्रारंभ केला. पुण्यास किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना तर १९४६ चा. त्याआधीं, दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मोजून मिळूं लागलें तेव्हां, मोटारींच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर त्या चालविल्या जात. चढ आला कीं उतारू खालीं उतरून ढकलीत, असें आमचे वडील सांगत. म्हणजे जुन्या गाडीला अन्न कसें पोंचवावें हा प्रश्न आमच्या घरांत नवा नाहीं.

आतां अन्नमार्ग पाहा. चेसीसच्या कडेला डिझेलची टाकी. तींत तळाशीं जाळी लावलेली शोषनळी. तेथून लहान फीड पंप डिझेल ओढून फिल्टरांतून पुढें ढकलतो. फिल्टरांतून तें मुख्य पंपांत जातें. या पंपांत सहा सिलिंडरांसाठीं सहा दट्टे. प्रत्येक दट्टा व त्याचें नळकांडें यांमध्यें अंतर केंसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतकें. तो दट्टा डिझेल दाबतो, आणि दोनशे वातावरणांच्या आसपास दाब झाला म्हणजे नोझल उघडून फवारा उडतो. इंजिन मिनिटास दोन हजार फेरे करीत असेल तर असे सहा हजार फवारे मिनिटास, म्हणजे सेकंदास शंभर, उडतात. आणि पूर्ण ओझ्यावरसुद्धां एका फवाऱ्यांतील इंधन डोळ्यांत घालावयाच्या औषधाच्या एका थेंबाहून फारसें अधिक नसतें. दहा टन पाणी चढावर नेणारी शक्ति ती इतक्या लहान थेंबांची आहे, हें ऐकून आम्ही स्तिमित झालों. थेंबाथेंबानें तळें सांचतें ही म्हण आम्हांस ठाऊक होती; थेंबाथेंबानें तळें डोंगर चढतें हें नव्यानें कळलें.

दोष कोठें होता? टाकी काढून उलटी केली तेव्हां तळाशीं गंजाचा चिखल आणि वाटीभर पाणी निघालें. अर्धवट रिकाम्या टाकींतील ओलसर हवा रात्रीं थंड होते व तिचें पाणी होऊन तळाशीं बसतें. वर्षानुवर्षें असें सांचत जातें. शोषनळीची जाळी निम्मी बुजलेली. रबराची जुनी नळी बाहेरून धडधाकट, आंतून सुजलेली. जोरानें ओढ लागली कीं तिच्या भिंती एकमेकींस चिकटत. फीड पंपाची झडप झिजलेली. सपाटीवर इंजिनाची भूक थोडी, म्हणून तेवढ्यावर निभावत असे. चढावर भूक वाढली कीं मार्ग अपुरा पडे. शिवाय गाडी तिरपी होऊन टाकींतलें डिझेल मागें सरे, नळीचें तोंड उघडें पडे आणि हवा आंत जाई. सारांश, टाकींत डिझेल होतें, इंजिनांत सामर्थ्य होतें. मधली वाट बिघडली होती. आणि मौज ही कीं, जी गाडी आयुष्यभर पाणी वाहते तिच्या पोटांत वाटीभर पाणी गेलेलें तिला सोसत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मुख्य पंप व नोझल तपासण्यासाठीं कल्याणास नेले. तेथें पंप एका यंत्रावर चढवून फिरवितात, आणि सहाही मुखांतून येणारें डिझेल सहा कांचनळ्यांत मोजतात. आमच्या पंपाच्या सहा नळ्यांत सहा निरनिराळ्या उंची दिसल्या. एक नळी भरली तेव्हां दुसरी पाऊण. एका घरांत सहा भाऊ, एकास पोटापेक्षां अधिक वाढलेलें आणि दुसरा अर्धपोटीं, मग घराचा गाडा सुरळीत कसा चालावा? झिजलेले दट्टे बदलून, पुनःपुनः मोजून, सहाही नळ्या समान होईपर्यंत कारागिरानें काम सोडलें नाहीं.

चौथ्या दिवशीं जोडणीच्या वेळीं एक वाद झाला, आणि तोच या प्रवासांतला आम्हांस सर्वांत मोलाचा भाग वाटतो. चालक म्हणाला, "चाचा, एवढं सगळं केलंच आहे तर पंप जरा वाढवून द्या. डिझेल जास्त गेलं तर गाडी उडत चढेल." असें करतां येतें, पंपाची मर्यादा ठरविणारा पेंच फिरविला कीं प्रत्येक फवारा मोठा होतो. मिस्त्रीनें हातांतला पान्हा खालीं ठेवला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: इंजिन जेवढी हवा घेतें तेवढेंच डिझेल जळतें. अधिक घातलेंस तर तें न जळतां काळा धूर होऊन बाहेर जाईल, तुझ्याच पाड्यावरच्या पोरांच्या नाकांत. आंत उष्णता वाढेल, तेल पातळ होईल, पिस्टन धरेल. चार महिने उडशील, पांचव्या महिन्यांत बसशील. "गाडीला जास्ती खायला नको हाय, वेळेवर आणि साफ खायला पाहिजे," तो म्हणाला. चालकानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं सांगितलें कीं आयुर्वेदांतही मात्रेचें महत्त्व हेंच आहे, आणि गीतेंत युक्त आहाराची थोरवी गाइली आहे ती केवळ योग्यांसाठीं नव्हे. तो हंसून म्हणाला, "दोन गुरुजी एका बाजूला झाल्यावर माझं काय चालणार!"

मग मिस्त्रीनें जें केलें तें असें. टाकी धुवून तिला नवी जाळी व तळाशीं गाळ सोडण्याची चावी लावली. शोषनळी टाकीच्या खोलगट भागांत घेतली, म्हणजे गाडी तिरपी झाली तरी तोंड बुडालेलें राहावें. सुजलेल्या नळीच्या जागीं थोडी मोठ्या व्यासाची, डिझेल सोसणारी नवी नळी घातली. फीड पंप नवा बसविला. फिल्टरांच्या आधीं पाणी निराळें करणारी एक पारदर्शक वाटी जोडली. तींत पाणी दिसलें कीं खालचा पेंच सोडून काढून टाकावयाचें. दोन्ही फिल्टर नवे. सांध्यांवरच्या तांब्याच्या चकत्या नव्या, कारण जुनी चकती पुनः वापरली कीं तेथूनच हवा शिरते. शेवटीं हातपंपानें सर्व मार्गांतील हवा काढली. आजकालचें डिझेल पूर्वीच्याहून पुष्कळ स्वच्छ आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलांत गंधकाचें प्रमाण दहा लक्षांत दहा भाग इतकेंच असतें. पण स्वच्छ डिझेल घाण टाकींत ओतलें तर तें स्वच्छ राहत नाहीं, असा त्याचा शेरा होता.

रिकाम्या गाडीची परीक्षा ती परीक्षाच नव्हे, म्हणून एका विहिरीच्या मालकाच्या परवानगीनें टाकी भरून आम्ही माळशेज घाटाकडे निघालों. मिस्त्री चालकाशेजारीं, आम्ही त्याच्या पलीकडे. उजव्या हातास दूर सिद्धगडाची बाजू. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या वीरांना २ जानेवारी १९४३ रोजीं तेथेंच मरण आलें. विजेच्या तारांचे मनोरे पाडून सरकारचा पुरवठा तोडणारी त्यांची टोळी या रानांत वावरत होती. आम्हां तिघांचेही हात आपोआप जोडले गेले. टोकावडें मागें पडलें आणि वैशाखरें आलें. येथून नाणेघाटाची वाट वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांच्या राज्यांत कल्याण बंदराचा माल याच वाटेनें जुन्नराकडे जात असे. माथ्यावरच्या लेण्यांत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि नाणीं यांची गणना त्यांत असल्यामुळें आपल्या देशांतील अंकलेखनाचा तो एक फार जुना पुरावा ठरला आहे. जवळच दगडी रांजण आहे; त्यांत जकात टाकीत, असें सांगतात. बैलांच्या पाठीवरचें ओझें जेथें उतरवून घेत असतील, त्या डोंगराच्या कुशींतून आम्ही दहा टन पाणी घेऊन चाललों होतों.

घाट लागला. चालकानें गिअर उतरविला. आम्हीं नकळत खिडकीचा दांडा धरला. पहिल्या वळणावर इंजिनाचा आवाज भरला, पण तुटला नाहीं. दुसऱ्या वळणावर, तिसऱ्या वळणावर तोच सूर. मागें आरशांत पाहिलें तर गिअर बदलतांना धुराची एक फिकट रेघ, एवढेंच. गाडी धांवत चढली असें आम्ही म्हणणार नाहीं. ती बैलासारखी, एका लयींत, न थांबतां चढली. मिस्त्रीनें सर्व वेळ डोळे मिटून ठेवले होते. तो झोंपला असें वाटून आम्ही कांहीं बोलूं लागलों, तेव्हां त्यानें हातानें गप्प राहण्याची खूण केली. गाण्याच्या बैठकींत दर्दी मंडळी करितात तशी. परततांना टाकींतलें पाणी रस्त्यालगतच्या एका वाडीवर देऊन टाकलें, म्हणून परीक्षेचेंही पाणी वायां गेलें नाहीं.

पांचव्या दिवशीं पुनः तोच पाडा, तोच चढ, तीच दुपार. ज्या जागीं चार दिवसांपूर्वीं दगड लावले होते ते दगड अद्याप तेथेंच पडलेले होते. चालकानें कांहीं न बोलतां गिअर उतरविला, आणि गाडी त्या दगडांवरून पुढें निघून पाड्याच्या विहिरीशीं जाऊन उभी राहिली. पाणी विहिरींत सोडतात. तेथून बायका शेंदून घेतात. त्या आजीबाई कठड्यापाशीं होत्या. आम्हीं त्यांस म्हटलें, "आजी, गाडीला तहानच लागली होती. डिझेल होतं, पण वाटच तुंबली होती." त्या क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या, मग डोंगराच्या पलीकडे, धरणाच्या दिशेनें बोट करून म्हणाल्या, "मंग आमचं तरी दुसरं काय हाय?"

आम्हीं या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. पाणी नाहीं असें येथें कोणी म्हणत नाहीं. साठा आहे, तहान आहे, मधली वाट अपुरी आहे. ती नीट करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. इगतपुरीकडील भावली धरणांतून उताराच्या ओढीनें या तालुक्याच्या गांवांना व पाड्यांना पाणी आणण्याची योजना आंखली गेली आहे, आणि नळाचें पाणी घरोघर नेण्याचा संकल्प देशानें २०१९ मध्यें जाहीर केला आहे. परंतु अशा कामांत नवी टाकी बांधून भागत नाहीं, आणि नुसतें अधिक पाणी ओतूनही भागत नाहीं. टाकीपासून शेवटच्या मुखापर्यंत एकेक सांधा, एकेक चकती, एकेक जाळी कोणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. आणि सहाही नळ्यांत समान उंची दिसेपर्यंत काम सोडूं नये लागतें.

ज्येष्ठांत मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळीं चालकाचा फोन आला. "गुरुजी, पाऊस लागला. उद्यांपासून टँकर बंद." त्याच्या पोटापाण्याचा धंदा बंद होत असतांना आवाजांत एवढा आनंद असलेला माणूस आम्हीं पूर्वीं पाहिला नव्हता. हंगामभर गाडी एकदांही उभी राहिली नाहीं, असें त्यानें सांगितलें. आणि दर आठवड्यास त्या पारदर्शक वाटींतलें पाणी तो स्वतः काढतो, हेंही. त्या रात्रीं मुलुंडास आमच्या नळाला नेहमींच्या वेळेस पाणी आलें. पिंप भरल्यावर नळ बंद करण्यास आम्ही स्वतः उठलों.